मूळ की चित्ररूप?

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर वाचायला वेळ मिळत नाही म्हणणाऱ्यानं संध्याकाळी माजिवड्याहून गायमुखकडे निघून पाहावं. मानपाड्यापर्यंत प्रस्तावना, पातलीपाड्याला दुसरं प्रकरण. चित्रकादंबरी मात्र कासारवडवलीच्या आतच संपते आणि मग पुढच्या टँकरचा नंबर वाचत बसावं लागतं.

इतका वेळ असूनही इथल्या टॉवरांतून ‘मूळ पुस्तक सरस की चित्ररूप’ हा वाद रंगतो तो दोन्ही न वाचलेल्यांतच. परवाच्या सभेत विषय होता जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’. ती कादंबरी नाही, हे सांगायलाही कोणी उठलं नाही.

१८७३ सालचं हे पुस्तक म्हणजे जोतीराव आणि धोंडीबा यांचे सवाल-जवाब. श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांनी २०११ साली त्याचं चित्ररूप केलं, तेही इंग्रजीत. दोघी स्वतःच पात्रं होऊन त्यात शिरतात आणि आजच्या जातीबद्दल बोलतात. ही हिंमत मला आवडली. मत्स्य, वराह, परशुराम यांची जोतीराव घेतात ती उलटतपासणी चित्रांत झटकन कळते. पण तिचा खवचटपणा मराठीत आहे, आणि तो फुग्यात मावत नाही.

सभेचा निकाल अर्थातच चित्ररूपाच्या बाजूनं लागला. कारण एका सद्गृहस्थांनी स्पष्ट केलं: “मराठी वाचायला जड जातं हो.” हे त्यांनी अस्खलित मराठीत सांगितलं.

मूळ ‘गुलामगिरी’ पातळ आहे, शासनाच्या ‘महात्मा फुले समग्र वाङ्मया’तही आहे. पुढच्या सभेला कृपया वाचून या.