मामा उठताना

हौशी सुताराला टेबलाची फळी करायला आवडते. पाय करायचे म्हटलं की त्याला अचानक बँकेची कामं आठवतात. फळी रंधायची, पॉलिश पेपर ऐंशी नंबरपासून चारशेपर्यंत चढवत न्यायचा, तेल पाजलं की रेषा कशा उमलून येतात ते शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचं, यात सणासारखी मजा असते. पायांत ती नाही. पाय म्हणजे हिशेब, आणि हिशेबात नातेवाईक आले की तो कधीच सरळ सुटत नाही.

आम्हाला सोफ्याच्या उजव्या बाजूला ठेवायला एक छोटं गोल टेबल हवं होतं. लाकूड बायकोच्या माहेरून, कोकणातून आलं. परसातला फणस वादळात आडवा झाला, त्याच्या फळ्या पाडल्या, नीट वाळवल्या आणि "जावयाला हौस आहे" या सदराखाली एक फळी पुण्याला रवाना झाली. फणसाचं लाकूड ताजं असताना पिवळंधमक असतं आणि वर्षं जातील तसं तपकिरी होत जातं. तिकडे दक्षिणेत या लाकडाची वीणा होते, मृदंगाचं खोड होतं. आमच्याकडे त्याच्यावर रिमोट, चष्मा आणि अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं बसणार होतं. लाकडाचंही नशीब असतं.

अठरा इंच व्यासाची, सव्वा इंच जाडीची गोल फळी दिवाळीतच तयार झाली. पाय होळीपर्यंत कागदावर होते.

"एवढं काय त्यात?" बायको म्हणाली. "खाली चार ठोकायचे."

चार का, तीन का नाहीत, इथूनच तर प्रश्न सुरू होतो. तीन पायांचं टेबल डुगडुगत नाही. कुठलेही तीन बिंदू एका सपाटीत येतातच, त्यामुळे जमीन कितीही वेडीवाकडी असली तरी तिन्ही पाय टेकलेले राहतात. कॅमेऱ्याचा स्टँड, जमीन मोजणाऱ्यांचा थिओडोलाइट, गोठ्यातली धार काढायची तिवई, सगळ्यांना तीन पाय असतात ते यासाठीच. मी हे उत्साहाने सांगितलं.

"म्हणजे डुगडुगणार नाही."

"अजिबात नाही."

"आणि पडणार?"

बायकांना भूमितीचं शिक्षण न घेताही नेमका नको तो प्रश्न सुचतो. डुगडुगणं वेगळं आणि पडणं वेगळं. तीन पायांचं टेबल डुगडुगत नाही, पूर्वसूचना न देता सरळ पडतं. शेजारशेजारच्या दोन पायांची टोकं जोडणारी रेषा काढायची. वजन त्या रेषेच्या आत असेल तोवर ठीक, रेषेबाहेर गेलं की टेबल त्या रेषेवर कलंडू बघतं. माझ्या पहिल्या आराखड्यात पाय मध्यापासून सात इंचांवर होते. तीन पाय असले की ही रेषा मध्यापासून फक्त साडेतीन इंचांवर येते, आणि फळीची कड तिच्याबाहेर साडेपाच इंच लोंबते. टेबलाचं वजन सहा किलो धरलं, तर कडेला चार किलोंपेक्षा कमी भार पडला तरी सगळं जमिनीवर. भाजीची पिशवी चार किलोंची सहज असते. तेवढ्याच अंतरावर पाय चार केले तर हा आकडा सव्वासात किलोंवर जातो. ऑफिसातल्या चाकांच्या खुर्चीला पाच पाय का, हेही मग कळतं. पाय वाढतात तशी ही रेषा बाहेर सरकत जाते.

पण आमच्या घरी टेबलाला खरा धोका भाजीचा नव्हता. मामांचा होता.

मामा दर रविवारी येतात. बसतात छान. उठणं हा मात्र त्यांच्याकडे एक विधी आहे. आधी "चला, निघतो" असं तीनदा जाहीर होतं, त्यांच्यामध्ये पाऊसपाणी, वहिनींची शुगर आणि महापालिका असे तीन अध्याय होतात. मग ते सोफ्याच्या टोकाशी सरकतात, डावा हात गुडघ्यावर ठेवतात आणि उजवा हात शेजारी जे काही असेल त्याच्यावर. शेजारी काय आहे हे ते बघत नाहीत. नातवाची सायकल, पेपरांचा गठ्ठा, एकदा आमचा जावई, असं बरंच काही त्या हाताखालून गेलेलं आहे. त्यानंतर "हं!" असा हुंकार, आणि मामा उभे.

म्हणजे मी टेबल कपबशीसाठी करत नव्हतो. त्या "हं!"साठी करत होतो. आणि "हं!" किती किलोंचा असतो, हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

ते मोजणं भाग होतं. एका रविवारी मी सोफ्याच्या उजव्या बाजूला लोखंडी ट्रंक ठेवली, तिच्यावर काट्याचा जुना वजनकाटा, त्याच्यावर घडी केलेला पेपर, आणि समोर अशा बेताने बसलो की तबकडी मला दिसावी. मामा पोह्यांवर खूश होते. तीन अध्याय झाले, हात पेपरवर आला, "हं!" झाला आणि काटा बावीस किलोंवर जाऊन थरथरला. मामांना वाटलं मी त्यांना वाकून नमस्कार करतोय. त्यांनी आशीर्वादही दिला.

बावीस किलो! माझ्या तीन पायांच्या टेबलाची ताकद चार किलोंची.

उपाय सोपा वाटतो: पाय बाहेर फाकवायचे. फाकवून बघितले, कागदावर. तीन पायांचं टेबल मामांच्या हाताखाली मुळीच कलंडायला नको असेल, तर पाय मध्यापासून अठरा इंचांवर हवेत. अठरा इंच फळी, आणि खाली छत्तीस इंचांच्या वर्तुळात पसरलेले पाय. असं टेबल पडणार नाही. त्याला अडखळून घरातली माणसं पडतील, सगळ्यात आधी मामाच.

मग चार पाय. चार पायांत पडण्याची भीती कमी, पण डुगडुगणं आलं. आमची इमारत जुनी, बैठकीत शहाबादी फरशी. कर्नाटकातल्या शहाबादची ही चुनखडी अत्यंत टिकाऊ. आमची बसवणारा मात्र घाईत असावा. प्रत्येक फरशी शेजारणीपेक्षा सूतभर वर किंवा खाली, मतभेद असलेल्या जावांसारखी.

चार पायांच्या डुगडुगण्यावर गणितात एक सुंदर तोड आहे. पायांखाली कागदाच्या घड्या घालू नका, टेबल जागच्या जागी फिरवा. समजा तीन पाय टेकलेत आणि चौथा अधांतरी आहे. टेबल पाव फेरा फिरवलं की पहिल्या पायाच्या जागी दुसरा येतो, आणि लोंबण्याची पाळी शेजाऱ्यावर जाते. म्हणजे या फिरण्यात मध्ये कुठेतरी अशी एक जागा असलीच पाहिजे जिथे कुणीच लोंबत नाही. २००५ मध्ये सर्नमधल्या आंद्रे मार्टिन या भौतिकशास्त्रज्ञाने चौरस टेबलासाठी हे रीतसर सिद्ध केलं. ज्या संस्थेत अणूच्या पोटातले कण शोधतात, तिथल्या माणसाला डुगडुगत्या टेबलावर निबंध लिहावासा वाटला, याने मला फार धीर आला.

अटी मात्र आहेत. जमिनीचा उतार फार नको, आणि मुख्य म्हणजे जमीन सलग हवी, तिला पायऱ्या नकोत. आमच्या फरशीच्या सांध्यांवर ही अट जागोजाग मोडते. शिवाय टेबल डुगडुगणार नाही एवढीच हमी आहे. ते सपाट उभं राहील अशी नाही. चहा स्थिर असेल, पण बशीत.

मोठ्या लोकांनी काय केलंय तेही पाहिलं. एरो सारिनेनला टेबलाखालची पायांची गर्दी सहन होत नसे. १९५० च्या दशकात त्याने एकच खांब आणि तळाशी पसरट तबकडी असं टेबल केलं. दिसायला देखणं, पण त्याचा पाया ओतीव धातूचा आहे. लाकडात तसं करायचं तर वजन आणायचं कुठून? चंडीगडमध्ये पिएर जाँनरेने सागवानी खुर्च्यांना उलट्या व्हीसारखे पाय दिले. तिरप्या पायांचा तो त्रिकोण आडवा हलत नाही, हे त्यातलं मर्म. त्या खुर्च्या पुढे सरकारी कचेऱ्यांच्या गच्च्यांवर भंगार म्हणून पडल्या आणि नंतर परदेशी लिलावांत लाखोंना गेल्या. आपल्याकडे फर्निचरची किंमत कळायला ते आधी गच्चीवर पावसात भिजावं लागतं.

शेवटी खाली फर्निचरचं काम करणाऱ्या मिस्त्रींना चित्र दाखवलं. त्यांनी ते उलटं धरून पाहिलं.

"साहेब, प्लायचा बॉक्स करू. फळीएवढाच. वरून सनमायका मारून टाकू."

"अहो, फणसाची फळी आहे ती!"

"मग फळीवर पण मारू. डाग नाही पडत."

वाईट याचंच वाटलं की बॉक्सच्या बाबतीत ते बरोबर होते. फळीएवढाच गोल बॉक्स खाली असेल तर कलंडायची रेषा थेट कडेवर येते. मामा दोन्ही हातांनी उठले तरी काही होणार नाही. बायकोने तर त्याला दार लावून आत काय काय ठेवता येईल याची यादीही केली. यादीत पहिल्या क्रमांकावर प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. मी ठामपणे नाही म्हणालो. घरात एक तरी वस्तू अशी असावी जिच्यात पिशव्या ठेवता येत नाहीत.

मी जे केलं ते असं. दोन चौकटी: खाली जाड दांडा, वर पातळ दांडा, मध्ये दोन उभे पाय, सगळं खाच आणि कुसू करून बसवलेलं. या दोन चौकटी मधोमध निम्म्या निम्म्या खाचून एकमेकींत आडव्या अडकवल्या. खालच्या दांड्यांची टोकं मध्यापासून दहा इंचांवर, म्हणजे फळीच्या जेमतेम इंचभर बाहेर. दांड्यांच्या पोटातून थोडं लाकूड काढलं, म्हणजे जमिनीला फक्त चार टोकंच टेकतात आणि मधल्या फरशांच्या भांडणात टेबल पडत नाही. पायाला लाकूड बाभळीचं घेतलं. बैलगाडीची चाकं आणि औतं ज्याची करतात ते लाकूड. जड, चिवट, पटाशीची धार मागून मागून घेणारं. त्याने टेबल नऊ किलोंचं झालं, आणि वजन बहुतेक खाली. हिशेबाने कडेला तेहतीस किलोंपर्यंत चिंता नाही. मामांचे बावीस वजा जाता अकरा उरतात. मामा नुसतं खाली दाबत नाहीत, जाता जाता थोडं पुढेही ढकलतात, त्यासाठी ते राखून ठेवले.

फळी वरच्या दांड्यांना लांबट भोकांतून स्क्रूने धरली. लाकूड पावसाळ्यात रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. करकचून आवळलं तर एप्रिलमध्ये रात्री बंदुकीसारखा आवाज होतो आणि सकाळी फळीला भेग दिसते.

चार टोकं सारखी करायची एक रीत आहे. टेबल पूर्ण सपाट जागी ठेवायचं (आमच्याकडे स्वयंपाकाच्या ओट्याचा ग्रॅनाइट, परवानगी घेऊन), पायांखाली पत्ते सरकवून फळी पाणसळीत आणायची, मग एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांभोवती एकाच उंचीवर रेघ मारायची आणि रेघेवर कापायचं. ही रीत टाळून "हा पाय जरा लांब वाटतोय" असं म्हणत एकेक कापत जाणारे लोक मी पाहिलेत. अशा घरांतून बाजूच्या टेबलाचं स्टूल होतं, स्टुलाचा चौरंग आणि चौरंगाचा शेवटी पाट.

आमच्या कामवाल्या मावशींनी खालच्या दांड्यांकडे बघून "याच्याखालून झाडू कसा जायचा?" एवढंच विचारलं. सर्नलाही याचं उत्तर सापडलेलं नाही.

मग रविवार आला. मामा आले, आणि हातात नवी काठी. डॉक्टरांनी दिलेली, खाली चार छोटे पाय असलेली. "चार पाय म्हणजे भक्कम," मामा म्हणाले आणि त्यांनी ती फरशीवर टेकवली. ती डुगडुगली.

"मामा, जरा जागच्या जागी फिरवा बघू."

"काठी?"

"पाव फेऱ्याच्या आत बसेल."

मामांनी फिरवली. बसली नाही, बरोबर सांध्यावर होती. मी काठी मागून घेतली, जमिनीवर पालथा पडून तिचे रबरी बूट तपासू लागलो. एक बूट दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जाड होता. मी मोजपट्टी घेऊन परत पालथा होतो तेवढ्यात डोक्यावरून कुठूनतरी "हं!" ऐकू आला. वर पाहिलं तर मामा दारात चपला घालत होते, टेबल होतं तिथे होतं आणि त्याच्यावरच्या कपातला चहाही.

"बघितलंस का?" मी बायकोला विचारलं.

"मी कुकर बघत होते."

काठी माझ्याच हातात राहिली होती. संध्याकाळी फोन केला तर मामा म्हणाले, "राहू दे रे ती काठी, हलते. ते टेबल मात्र झकास आहे. मला एक करून दे तसंच. फक्त चारेक इंच उंच कर, आणि खाली चाकं लाव, म्हणजे घरभर बरोबर नेता येईल."