उष्णकटिबंधीय शालेय सहल : आयोजनाची शास्त्रोक्त पद्धत (गेवराई तालुक्यासाठी)

वन्यजीव, ज्वालामुखी आणि कॉफीचे मळे एकाच दौऱ्यात दाखवणारी विद्यार्थी-सहल साधारणतः कोस्टा रिकात काढतात. गेवराई आगारातून तिकडे गाडी सुटत नसल्याने पुढील पद्धत वापरावी. गेवराई सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे; त्यामुळे उष्ण कटिबंधाची अट शाळेच्या फाटकातच पूर्ण होते. मे महिन्यात तर नकाशाही लागत नाही.

1. परवानगी. अर्जात ‘ज्वालामुखी’ लिहिल्यास पालक संमतीपत्रावर सही करत नाहीत, ‘भूगोल’ लिहावे. कार्यक्रमात एक देवस्थान असावेच, एरवी घरातली आजी आडवी येते. शालेय सहलीसाठी एसटी भाड्यात 50 टक्के सवलत देते. उरलेले 50 टक्के गोळा करण्यासाठी वहीत ‘उद्या देतो’ असा स्वतंत्र रकाना आखावा.

2. ज्वालामुखी. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर आहे. त्याचा मोह धरू नये. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. शंकूसारखा डोंगर नसल्याने विद्यार्थी हिरमुसतात. त्यांना एखाद्या विहिरीपासून सुरक्षित अंतरावर उभे करून वरून खाली काळी माती, मुरूम, काळा पाषाण असा क्रम दाखवावा. हाच बेसाल्ट झिजून कापसाची जमीन झाली. पावसाळ्यात ज्वालामुखी चपलांना चिकटून घरापर्यंत येतो. त्याचे तिकीट पडत नाही. लोणारचे विवर मात्र ज्वालामुखी म्हणून खपवू नये. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते विवर अशनीच्या आघाताने झाले, आणि हे ठाऊक असलेला एक विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो.

3. वन्यजीव. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यात मोर पहाटे आणि सायंकाळी बाहेर पडतात. पूर्ण वर्ग गप्प बसेपर्यंत दोन्ही वेळा टळतात, म्हणून केका ऐकू आल्यास दर्शन झाले असे धरावे. पैठणला नाथसमाधी आणि जायकवाडी पक्षी अभयारण्य असा दुहेरी लाभ होतो. तिथे हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. दुर्बीण हजेरीच्या क्रमाने फिरवल्यास शेवटच्या क्रमांकापर्यंत ते परतीला लागतात. धपाट्यांचे डबे उघडताच वानरे आपण होऊन येतात. त्यांची नोंद ‘जवळून निरीक्षण’ या सदरात करावी.

4. कॉफी. राज्यात कॉफीचे मळे पाहायचे तर मेळघाटातील चिखलदरा गाठावे लागते. सुमारे 1,100 मीटर उंची, थंड हवा आणि सावली या गोष्टी तिथे आहेत. गेवराईत यांपैकी एकही नाही. पिकलेल्या लाल फळात बहुधा दोन बिया असतात आणि त्या भाजल्याशिवाय कॉफीचा वास सुटत नाही. त्यामुळे फळ चाखलेले विद्यार्थी ‘ही कॉफी नव्हेच’ असा निष्कर्ष काढतात. हा प्रवास मुक्कामाशिवाय झेपत नाही. मुक्कामाची परवानगी नसल्यास बसस्थानकासमोरच्या हॉटेलात कॉफी मागावी. चहा आल्यास ‘मागणी आणि पुरवठा’ हे प्रकरण तिथेच शिकवून घ्यावे.

5. समारोप. परतल्यावर मुले मोजावीत. संख्या कमी भरल्यास मागच्या बाकाखाली पाहावे. जास्त भरल्यास वाटेतल्या दुसऱ्या शाळेला फोन करावा. ‘आमची सहल’ हा निबंध सर्वांचा सारखाच येतो, म्हणून एकच तपासून बाकीच्यांवर सही करावी.