भिंतीवरचा भोपळा

"अगं, तुमचा भोपळा आमच्याकडे राहायला आलाय."

सकाळचे सात. माझ्या हातात चहाचा कप, आणि कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकवून उभ्या असलेल्या काकूंच्या हातात विळा. विळ्याभोपळ्याचं सख्य इतक्या सकाळी इतकं जवळून पाहिलं नव्हतं.

"कपड्यांच्या दोरीपर्यंत पोचलाय. काल ह्यांचा सदरा काढायला गेले तर बाहीला तणावे गुंडाळलेले. सोडवता सोडवता बटण तुटलं."

आमची बाग म्हणजे दहा बाय आठ फूट. त्यात तुळस, कढीपत्ता, पाण्याचा पंप आणि मुलाची सायकल. वटपौर्णिमेच्या सुमारास कोपऱ्यात आळं केलं आणि तांबड्या भोपळ्याच्या पाच बिया टोचल्या. पाचही उगवल्या. दोन रोपं दोन पानांवर असतानाच लाल भुंग्यांनी फस्त केली.

"भुंग्यांचे उपकार मान," काकू म्हणाल्या. "उरलेली तीन का ठेवलीस?"

"उपटवेनात हो."

"एवढी माया पोरांवर कर. एक वेल पंधरा-वीस फूट जाते, तुझ्या बागेत एकीलाच जागा नाही. मागच्या गल्लीत ठाऊक आहे ना काय झालं? गच्चीवर पोत्यात दुधी लावला, वेल सोडली कठड्यावरून खाली. एक दुधी सुटला तो थेट खालच्यांच्या स्कूटरवर. सीट फाटली. अजून दोन घरांत बोलणं नाही."

मी विषय बदलला. "काकू, फुलं रोज डझनभर येतात, धरत एकही नाही. माती खराब असेल का?"

काकूंनी आवाज उतरवला, जणू कुणाच्या घरातलंच सांगायचंय. "सगळी नर फुलं आहेत ती. लांब दांड्यावर उभी असतात. मादी फुलाच्या बुडाशी गोटीएवढा भोपळा आधीच असतो. सुरुवातीचे दिवस नुसते नरच मिरवतात. कोपऱ्यावरची पोरं बघ, कामधंदा नाही, केस मात्र विंचरलेले."

"मग लग्न कधी लागायचं?"

"श्रावणझडीत मधमाश्या फिरकत नाहीत, तेव्हा भटजी तूच. ताजं उमललेलं नर फूल तोड, पाकळ्या सोल, आणि मधला पिवळा दांडा मादी फुलात अलगद फिरव. नऊच्या आत. ऊन चढलं की फूल मिटतं, मग कितीही धावपळ कर. दुधीचं मात्र उलटं. पांढरी फुलं, संध्याकाळी उमलतात. त्याला गोरज मुहूर्तच लागतो."

हे मला कुणी बियांच्या पाकिटावर लिहून दिलं नव्हतं. पाकिटावर फक्त एक राक्षसी भोपळा होता.

"आणि धरला की लगेच कापडाची सैल पिशवी बांध. फळमाशी कोवळ्या सालीला टोचते, आत अळ्या होतात, फळ वाकडं होऊन सडतं. वेलीवर दोन फळं धरली की पुढची चार-पाच पानं राखून शेंडा खुडायचा. मांडव घालणार असशील तर बांबूचा घाल, सुतळीचा नको. चार किलोचा भोपळा लोंबकळायला लागला की जुन्या साडीची झोळी बांधून त्याचं वजन मांडवावर घ्यायचं, नाहीतर वेल पिचते."

"जमिनीवर पसरू दिला तर?"

"पसर की. सायकल कुठे ठेवशील?"

मग खरा मुद्दा निघाला. त्यांच्या बाजूला, दोरीच्या खांबापाशी, एक धरला होता. लिंबाएवढा. काकूंनी त्याला जुन्या उशीच्या अभ्र्याची टोपीही घातली होती.

"मूळ तुमचं, भिंत माझी. ऋषिपंचमीच्या भाजीला हा कोवळाच काढते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं चालत नाही, परसातलंच लागतं."

"बाजारातला आता ट्रॅक्टरवर पिकतो, काकू. तो चालेल."

"ते ऋषींना विचार. तुझ्या बाजूचा राखून ठेव. देठ वाळला आणि सालीत नख रुतेना झालं की उतरव, घारगे करू. फोडायला मात्र ह्यांना हाक मार. आमच्यात बायका अख्खा भोपळा कापत नाहीत."

"विळा तर तुमच्याच हातात आहे."

"तो वेलीसाठी." असं म्हणून त्यांनी भिंतीवरून हात घातला आणि मी काही बोलायच्या आत दोन वेली बुडापासून छाटल्या. तिसरीचा शेंडा दोरीवरून सोडवून माझ्याकडे वळवला. कोवळे शेंडे मात्र पदरात घेतले, भाजीला.

"आणि हो," जाता जाता म्हणाल्या, "फुलं कमी दिसली तर काळजी करू नकोस. आठ दिवस मीच तोडतेय. दांडा बघून, नरच. चार-दोन ठेवते लग्नापुरती."

संध्याकाळी भिंतीवर झाकलेली ताटली आली. डाळीच्या पिठातली भजी, गरम. फुलं आमचीच होती.