कोनी आलं जी!

आमची नवी बेल पहिल्यांदा वाजली तेव्हा पहाटेचे चार वाजले होते, महिना मार्चचा. मी काठी घेतली, सौभाग्यवतीने टॉर्च घेतला आणि आम्ही दोघं फाटकापर्यंत गेलो. बाहेरच्या रस्त्याने चार-पाच बाया टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला चालल्या होत्या. त्या थबकल्या. "गुरुजी, तुमी बी चालले का जी मोहा वेचाले?" एकीने विचारलं. पहाटे चारला काठी-टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या माणसाने दुसरं काय उत्तर द्यावं? "हाव," म्हणालो आणि गेलो. उजाडेपर्यंत पिशवीभर मोहफुलं जमली. त्या बेलने आम्हाला मिळवून दिलेलं आजवरचं एकमेव उत्पन्न ते.

आमचं घर धानोऱ्यात, गडचिरोलीहून मुरूमगावमार्गे छत्तीसगडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत. पुढे फाटक, मग अंगण, मग तीन खोल्या, मग टिनाचा शेड आणि त्याच्यामागे सांदवाडी. मास्तरकी संपल्यापासून माझा मुक्काम सांदवाडीत, वांग्यांच्या संगतीत. फाटकात कोणी हाका मारून दमला तरी मला पत्ता नसतो. पुण्याच्या मुलाला हे कळलं आणि त्याने बापाच्या सोयीसाठी एक डबी पाठवली. डबीत दोन वस्तू. एक पांढरा डोळा, तो फाटकाजवळ लावायचा. दुसरी बेल, ती घरात बोर्डाला खोचायची. डोळ्यासमोर काही हललं की बेल वाजणार; मध्ये तार नाही. डबीवर छापलं होतं : रेंज 100 मीटर. आमचं अंतर पावलांनी मोजलं तर पन्नास भरलं. म्हणजे 100 मीटर पुरून उरायला हवे होते.

ते 100 मीटर मोकळ्या मैदानातले होते. डबीवर मैदान छापलेलं नव्हतं.

आता रेंज शोधणं आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. कुठल्या मोहाच्या झाडाखाली मोबाइलला दोन काड्या येतात आणि कुठल्या दगडावर उभं राहिलं की बोलणं तुटत नाही, हे इथलं पोरगंही सांगतं. त्यामुळे बेल हातात धरून मी घरभर फिरलो. देवघरात वाजली. स्वयंपाकघरात अर्धी वाजली. टिनाच्या शेडपलीकडे, म्हणजे मी जिथे असतो तिथे, मुकी झाली. एकूण हिशेब असा की मी देवघरात बसून राहिलो तरच मला पाहुणा आल्याचं कळणार होतं.

पहिला संशय सेलवर. डोळ्यात घातलेले तीन सेल मी भिंतीवरच्या घड्याळातून, रिमोटमधून आणि जुन्या रेडिओतून गोळा केले होते. मंदावलेले सेल उन्हात ठेवले की पुन्हा जीव धरतात, या श्रद्धेवर आमची पिढी वाढली. मी ते दोन दिवस पापडांशेजारी वाळवले. पापड चांगले झाले. शेवटी नवे सेल आणले तेव्हा स्वयंपाकघरातली बेल अर्ध्याची पूर्ण वाजू लागली. शेड मात्र शेडच राहिला.

मग आमचा नेहमीचा वायरमन आला. तो आधी वस्तू उघडतो, मग विचारतो. बेल उघडून त्याने एक गुंडाळलेली तार दाखवली. "हे कान आहे जी हिचं. कान असं मुडपून ठेवलं तं ऐकू कसं येईल?" ही यंत्रं 433 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. त्या पट्ट्यात लहानशा ताकदीला परवाना लागत नाही, त्यामुळे आवाज मुळातच कुजबुजीएवढा. तिची लाट सुमारे 69 सेंटिमीटर लांब. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे 17 सेंटिमीटर सरळ तार, हा चांगला कान. वायरमनने पट्टी मागितली नाही. वीतभराला दोन बोटं कमी अशी तार तोडली, झाळली आणि बेल शेडच्या पुढच्या अंगाला टांगली. टिन ही लाट परतवून लावतं, आणि जाड मातीची भिंत पावसाळ्यात भिजली की तीही गिळून टाकते. "लाटेच्या वाटेतून टिन काढा नाई तं तुमी पुढे येऊन बसा," असा त्याचा निकाल होता. मी वांगी पुढे आणली.

तरी रात्री बेल गप्पच. चार रात्री वाया घालवल्यावर शोध लागला की वर लटकणारा स्वस्तातला एलईडी दिवा लावला की बेल बहिरी होते. दिव्याच्या पोटातली वीज-चाळणी हलक्या प्रतीची असली की ती हवेत खरखर सोडते. अंधारात बसलं तर पाहुणा आल्याचं कळायचं आणि उजेडात बसलं तर नाही. दिवा बदलला.

आता सिग्नल सुधारला म्हणून आम्ही खूश झालो, आणि तिथूनच खरा छळ सुरू झाला. बेल दिवसभर वाजायची. शेळी गेली, वाजली. शेजारचं कुत्रं गेलं, वाजली. आणि पोस्टमन थेट पायरीपर्यंत आला तरी शांत! मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, तो डोळा चित्र बघत नाही. अंगातून निघणारी उष्णता बघतो, आणि तीही एका फाकेतून दुसऱ्या फाकेत सरकली तर." डोळ्यावरच्या पांढऱ्या फुगवट्यात भिंगाच्या फाका असतात. आडवा जाणारा फाकांमागून फाका ओलांडतो. नाकासमोर चालत येणारा एकाच फाकेत राहून नुसता मोठा होत जातो. आमची पायवाट फाटकातून नीट डोळ्याकडेच येते. म्हणजे सरळमार्गी माणूस या यंत्राला दिसत नाही, आडवी जाणारी शेळी दिसते. मांजर आडवी गेली तर अपशकुन मानणारे आपले पूर्वज कुठल्या तत्त्वावर चालत होते, ते मला तेव्हा कळलं.

यंत्राला शिव्या घालण्याआधी मी जरा माहिती काढली आणि वरमलो. ताडोबात किंवा कुठेही वाघ मोजायला झाडांना जे कॅमेरे बांधतात, त्यांत बहुतेक हाच डोळा असतो. 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते. फोटो निघाले 3 कोटी 48 लाख 58 हजार 623. त्यात वाघांचे 76,651. बिबट्यांचे 51,777. बाकीच्या फोटोंत चितळ, सांबर, गुरं, माणसं, हलणारं गवत आणि त्यांचे भाईबंद. त्या गणनेची गिनीज बुकात नोंद झाली. आमच्या बेलला साडेचारशे हाकांत एक पाहुणा मिळाला तर ती देशाच्या सरासरीवर आहे, असं मी घरी सांगितलं.

"आणि हत्ती आला तं वाजेल का?" सौभाग्यवतीने विचारलं. पुण्यात हा विनोद वाटेल. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडकडून हत्तींचा कळप आमच्याच तालुक्यातून जिल्ह्यात शिरला, तेव्हापासून इथे हा प्रश्न गंभीर आहे. वाजेल, मी म्हणालो. पण तोपर्यंत डोळा, फाटक आणि बहुधा भिंतही जागेवर नसेल.

मे महिन्यात नवी तऱ्हा. सकाळी बेल ठीक, दहा-अकराच्या सुमारास ठार. भिंत, जमीन, हवा आणि माणसाचं अंग सगळं एकाच तापमानाला आलं की त्या डोळ्याला फरकच उरत नाही. आपला पारा पंचेचाळिशीकडे निघालेला, वाटेत तो अंगाच्या तापाशी गाठ घेतो आणि तेवढा वेळ अख्खं धानोरा अदृश्य होतं. दुपारी भिंती अंगापेक्षा तापल्या की माणूस पुन्हा दिसू लागतो, या खेपेस थंड वस्तू म्हणून. एरवी मेमध्ये थंड वस्तू म्हणून कोणी माझ्याकडे पाहिलेलं नाही.

पावसाळ्यात मात्र बेल सलग चार दिवस मेली. सेल पाहिले, तार पाहिली, वायरमन दोनदा आला. पाचव्या दिवशी फाटकाशी गेलो तर डोळ्यावर लोणच्याची काचेची बरणी पालथी! भिजू नये म्हणून सौभाग्यवतीने मायेने घातलेली. काचेतून आपल्याला दिसतं, पण अंगाची उष्णता त्यातून पार होत नाही. डोळा कोरडा होता आणि आंधळा होता.

शेवटची गुंतागुंत शेजारच्या काकूंनी केली. त्यांनी गोठ्यावर लक्ष ठेवायला तसलीच डबी आणली. दोन्हींचा संकेत एकच. काकूंच्या गाईने शेपूट हलवलं की आमच्या घरी बेल, आमच्या फाटकात शेळी शिरली की काकूंच्या घरी. नवा संकेत शिकवायला वायरमन बटणं दाबून बसला. तासाभराने निष्पन्न झालं ते असं : आमचा डोळा आता फक्त काकूंच्या बेलशी बोलतो, काकूंचा डोळा कोणाशीच बोलत नाही आणि आमची बेल खुंटीला टांगलेली आहे. काकूंची गाय आपली आपण हंबरते, त्यामुळे त्यांची तक्रार नाही.

हे तसंच ठेवलंय. फाटकात काही हललं की काकू डोकावून बघतात आणि ताटीवरून ओरडतात, "गुरुजी, कोनी आलं जी!" भिंत, टिन, पाऊस, एलईडी, कशानेही तो आवाज तुटत नाही. शिवाय यंत्राला न जमणारी गोष्ट त्या सांगतात, कोण आलं ती. "वर्गणीवाले हायेत जी, बसा तिकडंच!"

तेव्हा धानोऱ्याला कधी आलात आणि आमच्याकडे यायचं असेल, तर फाटकातून आत शिरल्यावर सरळ येऊ नका. दोन-चार पावलं आडवं चाला. काकू बघतील.