मूळ संच

हा माणूस तुमच्याही ओळखीचा आहे. एखादं नाटक बघून तुम्ही खुशीत आलेले असता, दोन शब्द बोलायला लागता, तोवर तो डोळे मिटतो, मान हलवतो आणि म्हणतो, "मूळ संच बघायला पाहिजे होता तुम्ही." संपलं. तुमच्या पाचशेच्या तिकिटाची जागच्या जागी रद्दी.

आमचे मूळसंचवाले नृसिंहवाडीत राहतात. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. पेढे-बासुंदीचं दुकान आता मुलगा बघतो आणि अण्णा पायरीवर बसून गिऱ्हाइकांचं मन खट्टू करतात. कवठाची बर्फी कशी आहे असं कुणी विचारलं, तर म्हणणार, "बरी आहे. पण मूळ संच वेगळा होता." मूळ संच म्हणजे वडील, एक आचारी आणि तीन म्हशी. यातली खरी न भरून येणारी हानी म्हशींची, असं त्यांचं मत आहे.

पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढत देवळात येतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं आणि त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला माणसं रात्री-अपरात्री धावत सुटतात. मीही एकदा भिजून, भारावून आलो. अण्णा म्हणाले, "दोन हजार पाचचं पाणी बघायला पाहिजे होतं." २०१९ चं पाणी २००५ च्या वर गेलं होतं, हे मी त्यांच्या कानावर घातलं. "गेलं असेल की. नुसती उंची म्हणजे काय अभिनय का?"

पुतण्याच्या दुसऱ्या लग्नात तरी ते गप्प बसतील, असं घरच्यांना वाटलं होतं.

नाटकाबद्दल तर बोलायलाच नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तिथून पुढं नुसती घसरण. १८५१ साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन गेले, राजाश्रय आटला आणि भाव्यांना नाटक घेऊन गावोगाव हिंडायची वेळ आली. "मग तिकीट आलं. तिथंच बिघडलं," असं अण्णा सांगतात तेव्हा त्यांच्या खिशात हमखास फुकटचा पास असतो. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, म्हणजे जवळचे, म्हणून तेवढे घसरणीत धरायचे नाहीत.

मागच्या थंडीत मी वाडीला गेलो तो दर्शन घेऊन गुपचूप झोपायच्या बेतानं. पालखी चालली होती, पदं रंगात आली होती, तेवढ्यात अण्णांचं कोपर बरगडीत बसलं. "चला की. सांगलीला साडेनऊचा प्रयोग आहे." कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५ साली पुरं केलेलं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. तेव्हापासून अण्णांची स्कूटर सांगलीकडं वळायला लागली होती. ते पुन्हा हुबेहूब पहिल्यासारखं उभं राहावं की नव्या सोयींचं, यावर पायरीवर वाद झडायचे. अण्णा एवढंच म्हणत, "आधी पडदा वर जाऊ दे हो." त्यांच्या तोंडी हे वाक्य शोभत नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

तर शिरोळ, जयसिंगपूर करत, उसाच्या ट्रॉल्यांना चुकवत आम्ही निघालो. कानटोपी एकच होती आणि ती अण्णांच्या डोक्यावर होती. देवळात घेतलं नव्हतं इतक्या कळकळीनं मी मागच्या सीटवर दत्ताचं नाव घेतलं.

नाटक जुनं, गाजलेलं, संच नवा. तिसरी घंटा झाली आणि अण्णा सुरू झाले. "इथं मूळ संचात तो तीन पावलं चालायचा. हा चार चालला." पुढच्या रांगेतल्या बाई वळल्या. "काका, गप्प बसा की जरा!" अण्णा गप्प बसले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. जिथं जिथं मूळ संच सुटे तिथं तिथं एक चिमटा. मध्यंतरापर्यंत माझ्या हातावर नव्या संचाच्या सगळ्या चुका उमटल्या होत्या.

वडा खाताना मी नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, "मूळ संच तुम्ही इथंच बघितलात का?"

अण्णा वड्यावर फुंकर मारत राहिले. "बघितला नाही."

"म्हणजे?"

"प्रयोग शनिवार-रविवारचे. वाडीला गर्दी शनिवार-रविवारचीच. गल्ल्यावर कोण बसणार?"

"निदान 'तो मी नव्हेच' तरी? लखोबा तर निपाणीचा, आपल्याच भागातला! पणशीकरांनी वर्षानुवर्षं केलं ते."

"तेच की. वाटायचं, आहेतच, जाऊ पुढच्या खेपेला." २०११ साली पणशीकर गेले.

मग ती तीन पावलं? सांगलीला रात्री प्रयोग झाला की नाटकवाल्यांची बस सकाळी दर्शनाला वाडीत यायची. नट देवळात जायचे आणि मागची माणसं दुकानात टेकायची. अण्णा त्यांना बासुंदी पाजून रात्रीचं अख्खं नाटक प्रवेशाप्रवेशानं वदवून घ्यायचे. ती तीन पावलं एका नेपथ्यवाल्यानं दुकानाच्या फरशीवर चालून दाखवली होती. बासुंदीचे पैसे घेतले नव्हते, हेही अण्णांनी आवर्जून सांगितलं.

मनगट ठणकत होतं, त्यामुळं मला चटकन गहिवरून येईना. पण दुसऱ्या अंकात त्यांनी हात लावला नाही तेव्हा मीच हात त्यांच्या खुर्चीकडं सरकवून ठेवला.

प्रयोग संपल्यावर ते पेढ्यांचा पुडा घेऊन रंगपटात शिरले. तरुण नट तोंडाचा रंग पुसत होता. कानटोपी बघून त्यानं ओळखायचं ते ओळखलं. घाबरतच म्हणाला, "काका, तुम्ही पहिलं नाटक बघितलं असेल. कसं वाटलं आमचं?"

"पहिलं नाही बघितलं. तुझंच बघितलं. चांगलं केलंस," अण्णा म्हणाले आणि लगेच, "फक्त खिडकीपाशी चार पावलं नको. तीन." आणि कानटोपीसकट चालून दाखवलं. पोरगाही चालला. "असं?" "पाठ जरा उशिरा वळव. हां, असं."

पुढचा प्रयोग इचलकरंजीला होता, रविवारी. नेमकी पौर्णिमा. अण्णांनी तिथूनच मुलाला फोन लावला. साडेबारा वाजून गेले होते. "रविवारी मी दुकानात नाही." पलीकडून मुलगा बराच वेळ काहीतरी बोलत होता. "अरे, विचारत नाहीये," अण्णा म्हणाले, "सांगतोय."