गाजरगवताचा परवाना
मोहरीच्या कुळातलं अ‍ॅरॅबिडॉप्सिस हे प्रयोगशाळांचं लाडकं रोप. बी पेरल्यापासून नवं बी हाती यायला जेमतेम सहा आठवडे. पण चिमूटभर बी परदेशातून मागवायचं, तर आधी आयात परवाना, मग पाठवणाऱ्या देशाचा वनस्पती-आरोग्य दाखला, इथे उतरल्यावर क्वारंटाइन. जनुकांत फेरफार असेल तर १९८९चे नियम, संस्थेची जैवसुरक्षा समिती, आणि तिच्याही वर दिल्लीची समिती. एवढ्या वेळात रोपाला पणतवंडं होतात.

रोगकिडी शिरू नयेत म्हणून हे सगळं, आणि ते योग्यच आहे. फक्त गाजरगवताला कुणी कळवलं नाही. १९५५च्या सुमारास ते पुण्यात दिसलं. अमेरिकी गव्हाबरोबर आलं म्हणतात. किडींना सीमेवर अडवणारा कायदा १९१४चा, म्हणजे तेव्हा चांगला एक्केचाळीस वर्षांचा घोडा होता. गवताने ना अर्ज केला, ना तीन प्रती जोडल्या.

आमची एक संशोधक मैत्रीण परवा आपल्या फायलीची चौकशी करायला एका कचेरीत गेली होती. ‘साहेब जागेवर नाहीत,’ एवढंच कळलं. कुंपणाला लागून कमरेएवढं गाजरगवत मात्र जागेवर होतं, ऐन फुलोऱ्यात.