फटशोधक

थंडी पडली की ग्वाल्हेरच्या इंदरगंजातल्या जुन्या मराठी घरांत एक इसम कामाला लागतो. साठी उलटलेली, कानटोपी हनुवटीखाली बांधलेली, हातात पेटलेली उदबत्ती. पण पाय देवघराकडे वळत नाहीत. उदबत्ती तो दाराच्या चौकटीपाशी धरतो, मग खिडकीच्या खालच्या कडेला, मग वायरीसाठी पाडलेल्या भोकापाशी, आणि धूर जरा कलला की ओरडतो, "ही बघा, इथून घुसतेय!" चहा घेऊन आलेली सून दार उघडं टाकल्याबद्दल बोलणी खाते. घरचे हसतात, पण तपासाच्या पद्धतीत खोट काढता येत नाही. आतली ऊबदार हवा वर चढून छतालगतच्या रोशनदानातून निसटते आणि तिच्या जागी उंबरठ्याखालून गारठा आत येतो. म्हणून धूर खाली आत झुकतो, वर बाहेर ओढला जातो. जुन्या सायकलची ट्यूब कापून त्याने दाराच्या तळाला ठोकलेली पट्टी दिसायला भयंकर असली, तरी काम चोख करते.

यावर ठरलेला आक्षेप असा, की याच घरांत आजे-पणजे राहिले, त्यांना नाही वाजली थंडी ती? वाजली असणारच. पण दौलतराव शिंद्यांच्या छावणीचं 1810 च्या सुमारास लष्कर नावाचं शहर झालं, तेव्हापासून इथली जुनी घरं बांधली गेली ती पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्या मे महिन्याच्या धाकाने. उंच छत आणि रोशनदान ही गरम हवा घालवायची सोय. जानेवारीत पारा पाचाखाली उतरला तरी ती सोय आपलं काम इमानाने करत राहते. तेव्हा रोशनदान सिमेंटने लिंपणं हा शुद्ध अविचार. प्लायवूडचा तुकडा बसवावा, होळीला काढावा. फटशोधकाला मात्र सिमेंटच हवं असतं. खरी गंमत भिंतीपाशी होते. दगडी भिंतीलगतच्या पलंगावर त्याची पाठ गारठते, पण उदबत्तीचा धूर सरळ उभा. तो उदबत्ती बदलतो, दुकानदाराला शिव्या घालतो, फट मात्र सापडत नाही, कारण ती नसतेच. थंडगार दगड अंगाची ऊब नुसता समोर राहूनच खेचून घेतो. इथे पुट्टी कुचकामी. पलंग हातभर सरकवावा, भिंतीवर जाड सतरंजी टांगावी. इतका साधा उपाय त्याला अपमानास्पद वाटतो.

सगळं बंद करून शेगडी पेटवायची म्हणाल, तर घरच्यांनी त्याला खुशाल अडवावं. कोंडलेल्या खोलीत कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग, आणि उदबत्तीलाही तो सापडत नाही. शेगडी अंगणातच ठेवावी. पण इतका पुरावा ऐकून घेतल्यावरही गृहस्थ विचारतो, "मग अंगणाच्या दाराची फट कोण बघणार?"